पाच वेळा तेवीस आणि वर तेरा

२०२३ च्या जूनमध्ये भाचा तुतारी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरला, तेव्हा त्याच्या पाठीवर गिटारची काळी पिशवी होती आणि हातात ताईने दिलेला फणस. फणस मी घेतला, गिटारकडे फारसं लक्ष दिलं नाही. ऐरोलीत त्याची सहा महिन्यांची इंटर्नशिप, आमचं नौपाड्यातलं वन बीएचके, तो हॉलमध्ये झोपणार, एवढंच ठरलेलं. ताईचं सावंतवाडीहून फोनवर एकच म्हणणं होतं, "त्याला जरा वेळेवर झोपव रे."

झोपायचं नाव नाही. तिसऱ्या रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलो तर पोरगं सोफ्यावर बसून गिटार वाजवतंय, आणि आवाजच नाही. कानाला हेडफोन, वायर लॅपटॉपला. बाहेर ऐकू येत होतं ते फक्त तारांचं कोरडं टकटक, नखाने पत्र्यावर वाजवावं तसं. मी अंधारात ग्लास घेऊन उभा राहिलो. एकच तुकडा. परत तोच. चुकला की थांबायचा, ठेका देणारा मेट्रोनोम थोडा हळू करायचा, पुन्हा पहिल्यापासून.

हे मला ओळखीचं होतं. शाळेत असताना सहा वर्षं मी तबला शिकलो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झाली, मग दहावी आली आणि तबला माळ्यावर गेला तो गेलाच. पण रियाज दिसला की कळतो. हे पोरगं गाणी वाजवत नव्हतं, रियाज करत होतं. फक्त एक गोष्ट खटकली. हात जे वाजवत होता त्याच्याशी पायाचं काही जमत नव्हतं. पाय आपला संथ, एका चालीत जमिनीवर पडतोय आणि हात भलतीकडेच. मला वाटलं, मेहनती आहे, पण बिचारा बेताला आहे.

सकाळी चहाच्या वेळी गिटार नीट बघितली. तारा मोजल्या तर आठ.

"सतार आहे का रे ही?"

"मामा, एट-स्ट्रिंग आहे."

"आणि रात्रभर वाजवत काय होतास?"

"मेशुगा म्हणून स्वीडनचा मेटल बँड आहे, त्यांचं ‘ब्लीड’. दीड वर्ष झालं बसवतोय."

"दीड वर्ष? एका गाण्याला?"

"त्यांच्या ड्रमरलाच विचार. टोमस हाके. त्यानेच सांगितलंय, या एका गाण्याच्या तयारीला त्याला अल्बममधल्या बाकी सगळ्या गाण्यांना मिळून लागला तेवढा वेळ लागला."

असं काही कानावर पडलं की माझ्यातला जुना विद्यार्थी जागा होतो. म्हटलं, ऐकव. त्याने माझ्याच फोनवर लावलं आणि फोन ओट्यावर चहाच्या पातेल्याशेजारी ठेवला. चाळीस सेकंदांत ही आतून आली आणि म्हणाली, "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का?" तिचं चुकलं नव्हतं. मलाही तेच वाटत होतं, फक्त भाच्यासमोर बोलवेना.

पुढे कळलं की निम्मा दोष फोनचा होता. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर लागते. आठ तारांच्या गिटारची सगळ्यात खालची साधारण ४६ वर. बेस गिटारची शेवटची तार ४१ ची, म्हणजे ही जवळजवळ तिच्याच घरात येऊन बसते. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला एवढं खालचं काही झेपत नाही. तो फक्त वरचं खरखरणं ऐकवतो. ढोल काढून टाकून नुसता ताशा ऐकावा, तोही शेजारच्या गल्लीतून, तसा प्रकार. स्टेशनबाहेरच्या दीडशे रुपयांच्या हेडफोनने काही फरक पडला नाही. भाच्याने स्वतःचे वायरवाले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन एका रविवारी दिले तेव्हा पहिल्यांदा त्या खडखडाटाखाली जमीन आहे हे कळलं. आवडलं नाही, पण जमीन आहे हे कळलं.

मग त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यासक्रम पाठवला. अगदी पहिली ते दहावी. पहिलीत सिडनीचा प्लिनी आणि टोरांटोचे इंटरव्हल्स. यात गाणारा माणूसच नाही, सगळं वाद्यांचं. मग इंग्लंडच्या टेसरॅक्टचा ‘वन’ (२०११), मग दिल्लीच्या केशव धरचा स्कायहार्बर, मग अमेरिकेतले पेरिफेरी आणि अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स, आणि दहावीला मेशुगा. खाली ताकीद : "मामा, उड्या मारू नकोस."

ऑफिस महापेला. रोज ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून वाशी किंवा पनवेल गाडी पकडायची, कोपरखैरणेला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. दिघा गाव स्टेशन तेव्हा अजून सुरू झालं नव्हतं, ते २०२४ च्या जानेवारीत झालं. एकोणीस-वीस मिनिटांचा प्रवास, त्यात तीन-चार गाणी बसतात. पहिली इयत्ता मी आठवड्यात संपवली. प्लिनीचा ‘हँडमेड सिटीज’ (२०१६) ऐकताना वाटलं, वा, काय गोड वाजवतो हा माणूस. आणि रबाळे येईपर्यंत विसरलो. नवशिक्याला आधी सोपं, गोड द्यावं, हा सगळ्यांचा समज असतो. माझ्या बाबतीत ते साफ फसलं. गोड ऐकायला माझ्याकडे वसंतराव आहेत, कुमारजी आहेत. त्यासाठी मी सिडनीपर्यंत कशाला जाऊ? मला खेचत होतं ते त्या रात्रीचं कोरडं टकटक.

दहावीच्या आधीच्या इयत्तांमधून खरं धरून ठेवलं ते फक्त अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्सने, आणि तेसुद्धा आवाज बंद करून. टोसिन अबासी हा त्यांचा गिटारवाला. त्यांच्यात बेस वाजवणारा कुणी नाहीच. दोन आठ-तारी गिटार आणि ड्रम, संपला विषय. भाच्याने व्हिडिओ लावला आणि म्हणाला, आधी नुसता अंगठा बघ. तो अंगठा जाड तारेवर आपटत खाली जातो आणि येताना तीच तार उचलत वर येतो, म्हणजे एका फेरीत दोन ठोके, आणि मधल्या फटीत बोटाने वरची तार ओढलेली. बेस गिटारवाल्यांची ही युक्ती त्याने आठ तारांवर आणली. मी ते तीनदा बघितलं आणि नकळत मांडीवर तिरकिट वाजवायला लागलो. तबल्यातही वेग हाताच्या जोरातून येत नाही, एकाच हालचालीतून दोन अक्षरं काढण्यातून येतो. आमचे सर हे सांगताना पट्टी घेऊन बसत.

आता आवाजाचं. मेटलमध्ये पाय अडखळतो तो इथेच. वाद्यं कितीही किचकट असली तरी माणूस सहन करतो, पण गाणारा ओरडायला लागला की हेडफोन काढतो. मीही काढले, एकदा नाही, दहादा काढले. घसा खरवडून हा माणूस आठवड्याने बोलणार तरी कसा, असं वाटायचं. भाच्याने समजावलं की नीट शिकलेला गायक हा आवाज मूळ स्वरतंतू घासून काढतच नाही. त्यांच्या वर मांसल घड्या असतात, त्या थरथरवून काढतात, श्वास पोटातून. चुकीचं केलं तर घसा जातो, बरोबर केलं तर रोज करता येतं. माहिती चांगली होती, पण माहितीने कान बदलत नाहीत.

कान बदलला तो गणपतीत गावी गेलो तेव्हा. आमच्याकडे देवळात दशावतार होतो. रात्री दीडला राक्षस पडद्याआडून आरोळी ठोकत येतो. लहानपणी त्याला बघून मी आजीच्या पदरात तोंड लपवायचो. त्या वर्षी मांडीवर पुतणी होती, ती तसंच करत होती, आणि मी विचार करत बसलो की या राक्षसाने नारदासारखं सुरात गायचं ठरवलं तर प्रेक्षक त्याला घरी पाठवतील. तो आवाज चाल सांगायला नसतोच, तो कोण आलाय ते सांगायला असतो. ठाण्याला परत आल्यावर मी मेशुगाचा गायक येन्स किडमन याच्याकडे चाल मागणं सोडून दिलं. तो ताशासारखा एका सुरात वाजतो असं धरलं. आवडायला आणखी दोन महिने गेले, पण हेडफोन काढायचं थांबलं.

आणि मग मी तो गाढवपणा केला. मोजायला बसलो.

तबला शिकलेल्या माणसाला ताल कळला नाही की अपमान वाटतो. भाच्याने दिलेल्या यादीत मेशुगाच्या १९९८ च्या ‘केऑस्फिअर’मधलं एक गाणं होतं, ‘न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट’. गिटारचा तोच तुकडा फिरून फिरून येतो, पण दर वेळी वेगळ्या जागी सुरू झाल्यासारखा वाटतो. मी पाठकोरी वही घेतली. चौथ्या सीटवर अर्धा लटकत, एका हाताने हेडफोन दाबून धरून गिटारचे ठोके मोजायला लागलो. जलद मोजायचं, पाव मात्रेला एक. आठवडाभर वेगवेगळी उत्तरं आली. एकदा बावीस, एकदा चोवीस, एकदा घणसोलीला एकाने पायावर बॅग ठेवली म्हणून काहीच नाही. शेवटी एका शनिवारी घरी शांतपणे बसलो आणि चार वेळा तेच आलं. तेवीस. तेवीस पाव मात्रा, म्हणजे पावणेसहा मात्रा.

मी विजयी वीरासारखा हॉलमध्ये गेलो.

"सापडला ताल. पावणेसहा मात्रांचा आहे."

भाचा मॅगी खात होता. त्याने मान वर केली नाही. "चार आहे, मामा."

"कुठे चार? मी मोजलंय."

"तू गिटार मोजलीस. ड्रमरच्या हाताकडे ऐक. हाय-हॅट. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चारच वाजतेय."

मी परत लावलं. खरंच होतं. हाकेचे पाय गिटारबरोबर तेवीसच्या घरात नाचत होते, आणि वर झांजेवरचा हात शांतपणे एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, जणू खाली काय चाललंय त्याचा त्याला पत्ताच नाही. एकाच माणसाच्या अंगात दोन हिशेब. मला जूनमधली ती रात्र आठवली. त्याचा पाय आणि त्याचा हात. बेताला मी होतो.

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. मॅगी गार झाली. चाराचे आठ ठेके म्हणजे बत्तीस मात्रा. बत्तीस मात्रांत पाव मात्रा किती, तर १२८. तेवीसचा तुकडा पाच वेळा, म्हणजे ११५. उरले किती? तेरा.

"बरोबर," भाचा म्हणाला. "सहाव्या वेळी तुकडा सुरू होतो आणि तेराव्यावर कापला जातो. मग परत पहिल्यापासून."

"कापला जातो म्हणजे?"

"म्हणजे कापतात. मध्येच."

हे पचवायला मला तबल्यापेक्षा जास्त वेळ लागला. आमच्याकडे तिहाई असते. एक तुकडा तीनदा, मधल्या दमांसकट असा बेतायचा की शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर पडावा. हिशेब आधी, टाळी नंतर. एखाद्याने तुकडा धरून समेवर आल्यावर नुसता कात्रीने कापून टाकला असता तर आमच्या सरांनी पट्टी काढली असती. इथे ही स्वीडनची पोरं नेमकं तेच करत होती. हिशेब जुळवायचाच नाही. दोन चाली एकमेकींना धडकू द्यायच्या, ऐकणाऱ्याचा तोल जाऊ द्यायचा, आणि बत्तीस मात्रा भरल्या की कच्चकन तोडायचं. गंमत अशी की कान तयार झाल्यावर ते तोडणंच गोड लागतं. तिहाईत सम येताना लांबून दिसते, स्टेशनात गाडी शिरावी तशी. इथे कुणीतरी अचानक साखळी ओढतो.

पण हे सगळं कागदावर कळलं होतं. अंगात आलं नव्हतं.

ते आलं डिसेंबरमध्ये, संध्याकाळच्या परतीच्या गाडीत. मोजून मोजून कंटाळलो होतो, त्यामुळे त्या दिवशी गिटार सोडून दिली. डोक्यावरच्या हँडलला धरून उभा होतो आणि एक बोट फक्त झांजेबरोबर हलवत होतो. खाली काय वाट्टेल ते होऊ दे, बोट सोडायचं नाही, एवढाच नियम. रबाळे गेलं. कुठल्याशा क्षणी लक्षात आलं की मान हलतेय, बोटाबरोबर, माझ्या परवानगीशिवाय. आणि तो तेवीसचा तुकडा, ज्याच्यामागे मी आठवडाभर धावत होतो, तो आपोआप येऊन मानेच्या एकदा पुढे, एकदा मागे, एकदा ऐन मध्यावर आपटत होता. आणि मग कच्चकन तोडलं, आणि गिटार, झांज, पाय, माझं बोट, सगळं एका जागी पडलं. मी मोठ्याने "हां!" म्हणालो. मैफलीत म्हणतात तसा. समोरच्या माणसाने पेपर खाली करून बघितलं. ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत मी ते गाणं दोनदा ऐकलं.

तेव्हापासून नवीन काहीही ऐकताना मी आधी बोट ठेवायला जागा शोधतो. झांज, नाहीतर स्नेअर ड्रम. ‘ब्लीड’ मला त्यानंतरच कळलं. तिथला मूळ घास तसा छोटा : दोन जलद ठोके, दोन त्याच्या दुप्पट लांबीचे. ति-ट-ता-ता. ड्रमवाले याला हर्टा म्हणतात. ति-ट मिळून एक, मग एक, मग एक, म्हणजे घास तीनाचा. चाल खाली चाराची. तीन चारावर घसरत राहतो. हे हाताने कुणीही वाजवेल. हाके ते पायाने वाजवतो, दोन पेडलवर, सात मिनिटांहून जास्त. मी जेवणाच्या टेबलाखाली प्रयत्न केला. पिंढरीत गोळा आला, ही घाबरली, मीठ-साखरेचं पाणी प्यावं लागलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली, ती म्हणजे यातल्या एका शाखेचं नाव. जेंट. भाच्याला अर्थ विचारला तर म्हणाला, अर्थ काही नाही, आवाज आहे तो. उजव्या हाताच्या पंज्याची कड गिटारच्या ब्रिजजवळ तारांवर टेकवायची आणि वरून वाजवायचं. तार पूर्ण खुलत नाही, ‘जेंट’ असं काहीतरी होऊन मिटते. मेशुगाच्या फ्रेडरिक थोर्डेंडालच्या तोंडून निघालेला शब्द म्हणतात. म्हणजे हा बोलच झाला की! आपण तबल्याच्या आवाजावरून ‘धा’ म्हणतो, ‘तिट’ म्हणतो. यांनी एका बोलावरून अख्ख्या घराण्याचं बारसं केलं. आणि तंत्रही ओळखीचं, बंद बोल आणि खुला बोल. फरक एवढाच की यांच्याकडे नॉइज गेट नावाचा एक रखवालदार असतो. तार थांबली रे थांबली की तो वायरीतली सगळी घूंघूं बंद करून टाकतो. त्यामुळे दोन ठोक्यांमधली शांतता सुरीने कापल्यासारखी. मला आता कधी कधी ठोक्यांपेक्षा ती शांतताच जास्त ऐकू येते.

बाकीचा अभ्यासक्रम मग भराभर झाला. पेरिफेरीत तीन-तीन गिटार, कधी कधी ताटात फार वाढल्यासारखं वाटतं. मेशुगाचा ‘नथिंग’ दोनदा ऐकला, २००२ चा आणि २००६ मध्ये आठ-तारी गिटारवर पुन्हा वाजवून काढलेला, आणि भाच्याशी भांडून मी पहिल्याच्या बाजूने उभा राहिलो. ‘आय’ नावाचं त्यांचं २१ मिनिटांचं एकच गाणं आहे (२००४). ठाण्याला गाडी सुटताना लावलं तर कोपरखैरणेच्या जिन्यावर संपतं, म्हणून ते माझं सोमवारचं गाणं. स्कायहार्बरचा २०१२ चा पहिला अल्बम मला यादीतल्या कित्येक परदेशी अल्बमपेक्षा जवळचा वाटला. त्यात मेगाडेथमध्ये पूर्वी असलेला मार्टी फ्रीडमन पाहुणा म्हणून येऊन वाजवून गेलाय. मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढलाय, मत्स्य, कूर्म असं एकेका अवताराचं गाणं. मी गावच्या राक्षसाचा धागा जुळला म्हणून खूश. भाचा म्हणतो, "मामा, तो जॉनर वेगळा." या लोकांचं जॉनरच्या बाबतीत फार सोवळं असतं. आपल्याकडे घराण्यांवरून भांडणारे रसिक मला आता गरीब वाटतात.

घरात या प्रकाराला मान मिळाला तो फुकटात. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन सगळे टीव्हीवर बघत होतो. नदीकाठच्या जुन्या इमारतीच्या खिडक्यांत फ्रान्सचा मेटल बँड गोजिरा उभा, ऑपेरा गाणारी बाई बोटीवर, आग, लाल कागद उडतायत. ही म्हणाली, "अगं बाई, हे तर तुझं ते." तुझं ते! वर्षभर ‘तो खडखडाट’ होता.

भाच्याला ऐरोलीतच नोकरी लागली, तो मित्रांबरोबर घणसोलीला राहायला गेला, पण मला सोडलं नाही. २०२५ च्या जानेवारीत अख्खी नवी मुंबई कोल्डप्लेच्या नादात होती. नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर १८, १९ आणि २१ तारखेला त्यांचे कार्यक्रम, ऑफिसात तिकिटाशिवाय दुसरा विषय नाही. त्याच महिन्यात आम्ही दोघं लोअर परळच्या एका छोट्या जागेत गेलो. शे-दोनशे पोरं, सगळ्यांचे टीशर्ट काळे, मी इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट घालून. दारावरच्या मुलाने हातावर शिक्का मारताना विचारलं, "काका, मुलाला शोधताय का?"

पहिल्या गाण्याला कळलं की हेडफोनमधलं सगळं खोटं होतं. खालची तार कानाने ऐकायची नसतेच, ती बरगड्यांना लागते, विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल पथकाच्या शेजारून जाताना लागते तशी. पुढे पोरं गोल करून एकमेकांवर आदळत होती. भांडण लागलं असं समजून मी मागे सरलो, तर एक जण पडला आणि चार जणांनी एका क्षणात काखेत हात घालून उभा केला. एकाने माझ्याकडे वळून ओरडून सांगितलं, "काका, चष्मा काढून ठेवा!" मी काढला. पुढचा अर्धा तास मला काही दिसलं नाही, फार काही बिघडलं नाही.

बिघडलं दुसऱ्या दिवशी. कानात सतत बारीक शिट्टी, तीन दिवस. कानाच्या डॉक्टरांनी वय विचारलं, मग कुठे गेला होतात ते विचारलं, मग बराच वेळ माझ्याकडे नुसतं बघितलं. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. आता पाकिटात फोमचे बोळे असतात, कंडक्टरकडे सुटे असावेत तसे. कुणी यात नव्याने येणार असेल तर गिटार-बिटार राहू दे, आधी केमिस्टकडे जा.

त्या रात्री करी रोडवरून शेवटच्या धीम्या गाडीत बसलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तबला कुठाय तुझा?"

माळ्यावर होता. गोणपाटात. उंदरांनी वाद्या कुरतडलेल्या, दाहिन्याची शाई उडालेली, डग्ग्याला पोचा. स्टेशनजवळच्या जुन्या दुरुस्तीवाल्याने पुडी दोन्ही बदलली, नवे गट्ठे घातले आणि इतकी वर्षं न वाजवल्याबद्दल पैशांबरोबर चार शब्दही सुनावले. बोटं उघडेनात. ‘तिरकिट’ला तर फिजिओथेरपीच लागणार होती. पण ठेका येतो. ठेका जात नाही.

गेल्या दिवाळीत पाडव्याला तो फराळाला आला तेव्हा गिटार घेऊनच आला. ताईही आली होती. वायर लावली नाही, तसंच कोरडं. तो सोफ्यावर, मी खाली चटईवर.

"तू त्रिताल धर," तो म्हणाला. "दोन आवर्तनं बत्तीस मात्रांची होतात. मी तेवीस घेतो."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. दोन आवर्तनं, बत्तीस मात्रा, १२८. मी वहीत एवढं गणित केलं आणि ते सोळा-सोळाचं निघालं.

धा धिं धिं धा. पहिल्या तेवीसला मी ठीक होतो. दुसऱ्याला त्याचा ठोका माझ्या खालीच्या शेजारी येऊन पडला आणि हात त्याच्यामागे जायला लागला. "बघू नकोस माझ्याकडे," भाचा म्हणाला. मी खिडकीतल्या कंदिलाकडे बघायला लागलो. थांबलो, परत पहिल्यापासून. चौथ्या खेपेला पाच तुकडे पार पडले. ताई चकलीचा डबा हातात धरून दारात उभी. ही म्हणाली, "काय मोजताय दोघं?"

भाच्याने मान न उचलता सांगितलं, "तेरा," आणि तार दाबली.